अनोव्हामध्ये छेदात काय ठेवायचे? हळदीची ३०० झाडे, पाच शेते आणि एक अडलेला प्रबंध

प्रश्न : हळद_सांगली

नमस्कार. मी कृषी विषयातील पदव्युत्तर प्रबंध लिहीत आहे आणि माझे काम सांगली जिल्ह्यातील वाळवा व पलूस या तालुक्यांत झालेले आहे. सेलम जातीच्या हळदीवर चार प्रकारच्या खत व्यवस्थापनाचा काय परिणाम होतो, हे मला तपासायचे होते. पहिल्या प्रकारात केवळ शिफारशीप्रमाणे रासायनिक खते होती, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला शेणखत, तिसऱ्यात शेणखताऐवजी गांडूळखत आणि चौथ्यात शेणखताबरोबर जिवाणू खते. पाच शेतकऱ्यांनी आपल्या शेतातील प्रत्येकी एक तुकडा दिला आणि प्रत्येक तुकड्यात चारही प्रकारांचा एकेक पट्टा राखला. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण झाली. फेब्रुवारीत काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातून १५ झाडे निवडून त्यांच्या कंदांचे ओले वजन घेतले. म्हणजे एका प्रकाराची ७५ झाडे झाली आणि एकूण ३००.

ही सर्व वजने एक्सेलमध्ये चार स्तंभांत भरून मी ‘सिंगल फॅक्टर’ अनोव्हा (गटांच्या सरासरींत खरा फरक आहे का हे तपासण्याची सांख्यिकी पद्धत) केला. पी मूल्य (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०१ पेक्षा पुष्कळ खाली आले, म्हणून काम संपले असे मी समजले. त्यानंतर तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, आता प्रत्येक जोडीची टी चाचणी (दोन सरासरींची तुलना) करून कोणता प्रकार कोणापेक्षा सरस ते दाखवावे. पूर्वसादरीकरणाच्या वेळी एका परीक्षकांनी “तुमच्याकडे तीनशे निरीक्षणे नाहीतच, वीस आहेत” एवढेच म्हटले आणि ते पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले. वर्गातील एका मैत्रिणीच्या मते माझ्या वजनांचा आलेख उजवीकडे शेपूट काढतो, तो प्रसामान्य (घंटेच्या आकाराचा) नाही, त्यामुळे मला अनोव्हा वापरताच येणार नाही.

वीस निरीक्षणे म्हणजे काय, हे मला कळलेले नाही. उन्हात बसून तीनशे झाडांचे कंद धुऊन, पुसून वजन केले, ते व्यर्थ गेले का? आणि या तिघांपैकी नेमके कोणाचे ऐकावे?

उत्तर : मिरजेचा_गणिती

टी चाचण्यांचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. चार गट असले की सहा जोड्या होतात. प्रत्येक चाचणीत ५ टक्के चूक मान्य केली आणि सहाही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरले, तर खरा फरक मुळीच नसताना निदान एका जोडीत तो ‘सापडण्याची’ शक्यता १ वजा ०.९५ चा सहावा घात, म्हणजे सुमारे २६.५ टक्के होते. तेच गट पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने सहा जोड्या प्रत्यक्षात स्वतंत्र नसतात आणि आकडा थोडा खाली येतो, पण ५ टक्क्यांच्या जवळपासही राहत नाही. अनोव्हा करण्याचे एक कारणच हे आहे की, सर्व सरासरी समान आहेत या एकाच शून्य परिकल्पनेची एकच चाचणी व्हावी. गट दोनच असतील, तर अनोव्हातून निघणारा एफ हा आकडा टी चा वर्गच असतो. तिथे भांडण नाही. तीनपासून पुढे मात्र सुट्या टी चाचण्या करू नयेत. एफ सार्थक (नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता कमी असलेला) आल्यावर टुकी यांच्या पद्धतीने, म्हणजे सर्व जोड्या मिळून चूक ५ टक्क्यांत ठेवून, जोड्यांची तुलना करावी.

प्रसामान्यतेबद्दल शंका असेल, तर क्रुस्कल आणि वॉलिस यांची १९५२ ची क्रमांकांवर आधारलेली चाचणी वापरा. तीत मूळ वजनांऐवजी त्यांचे क्रम घेतले जातात, त्यामुळे शेपटाचा त्रास होत नाही. वीस निरीक्षणांविषयी परीक्षक काय म्हणाले, ते मलाही नीट उमगले नाही. ३०० वजने घेतली आहेत, तर ती ३०० निरीक्षणेच म्हणावी लागतील.

उत्तर : निवृत्त_सांख्यिकी_सातारा

परीक्षकांचे म्हणणे बरोबर आहे आणि आपल्या प्रबंधाचा निकाल त्याच एका वाक्यावर ठरणार आहे. टी चाचण्यांविषयी वर जे लिहिले आहे त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. क्रुस्कल-वॉलिसविषयी नाही, पण त्याकडे शेवटी येतो.

अनोव्हाला मराठीत प्रचरण (आकड्यांचा विखुरलेपणा) विश्लेषण म्हणतात आणि नावाप्रमाणे त्यात सरासरींची तुलना प्रचरणांच्या मार्गाने होते. एफ हा एक अपूर्णांक आहे. त्याच्या अंशात गटांच्या सरासरी एकमेकींपासून किती फाकल्या आहेत हे असते. छेदात असे काही ठेवावे लागते की, खतांचा काहीही परिणाम नसता, तरीही या सरासरी नुसत्या योगायोगाने किती फाकल्या असत्या हे त्यावरून कळावे. अंशाविषयी सहसा वाद होत नाही. चुका होतात त्या छेदात, कारण छेद कोणता घ्यायचा हे प्रयोग कसा मांडला त्यावरून ठरते आणि ते एक्सेलला माहीत नसते. त्याला फक्त चार स्तंभ दिसतात.

आपण खत कशाला दिले? झाडाला नाही, पट्ट्याला दिले. एका पट्ट्यातील १५ झाडांची जमीन एक, पाणी एक, भरणी करणारा गडी एक. पोते थोडे जास्त रिकामे झाले असेल, तर ते पंधराही झाडांच्या वाट्याला आले. त्यामुळे ही झाडे आपसांत किती वेगळी आहेत यावरून, तेच खत दिलेले दोन पट्टे एकमेकांपासून किती वेगळे निघतील हे कळत नाही, आणि आपल्याला छेदात नेमके तेच हवे आहे. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ती त्या एका भांड्यातल्या भाताची होते. दोन स्वयंपाकिणींची तुलना करायची असेल, तर एकाच भांड्यातली पंधरा शिते चेपून भागत नाही. प्रत्येकीने भात पुन्हा पुन्हा शिजवावा लागतो. आपल्याकडे भांडी वीस आहेत, पाच शेते गुणिले चार पट्टे. परीक्षकांची वीस निरीक्षणे ती हीच.

कंद धुण्याचे श्रम त्यामुळे वाया जात नाहीत. एकाच झाडाच्या वजनावरून पट्ट्याचा अंदाज बांधला असता, तर तो फार डळमळीत राहिला असता. पंधरा झाडांच्या सरासरीने तो स्थिर झाला. फक्त पुढच्या गणितात प्रत्येक पट्ट्याचा एकच आकडा जाईल. आपल्या तक्त्यात एररची (छेदातल्या योगायोगाच्या फरकाची) स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे त्या अंदाजामागे किती स्वतंत्र आकडे आहेत ती संख्या, २९६ आली असेल, कारण ३०० मधून ४ गट वजा केले. खऱ्या मांडणीत ती १२ आहे. वीस आकड्यांच्या एकूण १९ मात्रांपैकी शेतांकडे ४ जातात, खतांकडे ३, आणि उरतात त्या १२.

आता शेतांकडे ४ का द्यायच्या, ते पाहू. कृष्णाकाठची मळीची जमीन, तिथून दोन मैलांवर क्षारपड होऊ लागलेला काळा तुकडा आणि वरच्या अंगाची मुरमाड माती, यांच्यातला हळदीचा फरक खतांमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो, हे आपण मला शिकवावे असे आहे. एकेरी, म्हणजे ‘सिंगल फॅक्टर’, अनोव्हात हा सगळा फरक एररमध्ये जाऊन बसतो. पण प्रत्येक शेतात चारही प्रकार आहेत, म्हणजे प्रत्येक शेत हा एक पूर्ण ब्लॉक (सारख्या परिस्थितीतील पट्ट्यांचा गट) आहे, आणि ज्याला कृषी महाविद्यालयांत सगळे आरबीडी (यादृच्छिक ब्लॉक रचना) म्हणतात ती रचना आपण नकळत करून ठेवली आहे.

पुढील आकडे माझे, केवळ हिशेबासाठी रचलेले आहेत. चार शेते, चार खते, पट्ट्यामागे सरासरी वजन कोणत्याही एककात घ्या.

पहिले शेत : २२, २२, २५, २७
दुसरे शेत : २४, २७, ३०, ३१
तिसरे शेत : २९, ३२, ३१, ३६
चौथे शेत : ३३, ३५, ३८, ३८

खतांच्या सरासरी अनुक्रमे २७, २९, ३१ आणि ३३ येतात. खतांमुळे आलेली फरकांच्या वर्गांची बेरीज ८०, तिला ३ ने भागले की २६.६७. शेतांकडे दुर्लक्ष करून एकेरी अनोव्हा केला, तर उरलेली वर्गांची बेरीज ३३२ आणि मात्रा १२, म्हणजे २७.६७, एफ येतो ०.९६. खतांचा काहीच परिणाम नाही, असे लिहून मोकळे व्हायचे. आता शेतांचा वाटा बाहेर काढा. तो एकटाच ३२० आहे. एररमध्ये उरतात १२, त्यांना ९ मात्रांनी भागले की १.३३, आणि एफ होतो २०. एफच्या सारणीत ३ व ९ मात्रांसाठी ५ टक्के पातळीवर मर्यादा ३.८६ आहे; एफ तिच्यावर गेला की फरक सार्थक. आकडे तेच, अंश तोच, छेद बदलला. पहिल्या हिशेबात आपण ‘शेते सारखी आहेत का’ या प्रश्नाच्या गोंगाटात खताचा आवाज ऐकत होतो. दुसऱ्या हिशेबात प्रश्न असा आहे की, शेत कोणतेही असो, खतांची चढती भाजणी तशीच राहते का.

आपल्या ३०० झाडांच्या गणितात दोन्ही चुका एकाच वेळी आहेत आणि त्या उलट दिशांना ओढतात. झाडांना निरीक्षणे मानल्यामुळे मात्रा फुगल्या आणि निकाल होता त्याहून पक्का भासला. शेतांचा फरक एररमध्ये गेल्यामुळे तोच निकाल कमकुवतही झाला. पी मूल्य योगायोगाने योग्य जागी पडले असेलही, पण ते तिथे का पडले हे परीक्षकांना सांगता येणार नाही.

या चुकीची लाज वाटून घेऊ नये. अनोव्हाचे जनक, संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधील रॉदॅमस्टेड येथील शेती प्रयोग केंद्रात आले आणि ही पद्धत तिथल्या शेतांच्या आकड्यांतूनच उभी राहिली. १९२३ मध्ये त्यांनी मॅकेन्झी यांच्याबरोबर बटाट्याच्या बारा जातींवरील खतांच्या प्रयोगाचे विश्लेषण छापले. त्या प्रयोगात शेणखत मोठ्या तुकड्यांना दिलेले होते आणि पोटॅशचे प्रकार त्यांच्या आतल्या लहान भागांना, तरी सगळ्यांसाठी त्यांनी एकच एरर वापरला. म्हणजे छेद चुकला, आणि तोही खुद्द फिशर यांचा. १९२५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्याच प्रयोगातील आकडे पुन्हा घेऊन मोठ्या तुकड्यांसाठी एक आणि लहान भागांसाठी दुसरा, असे दोन एरर वेगळे केले. एफ हे नावही त्यांनी स्वतः दिलेले नाही. १९३४ मध्ये स्नेडेकर यांनी त्यांच्या सन्मानार्थ ते वापरले.

थोडे विषयांतर होईल, पण आमच्या जिल्ह्याचा अभिमान म्हणून लिहितो. आपल्या प्रबंधाच्या संदर्भांत ‘पानसे आणि सुखात्मे’ ही जोडी असणारच. कृषी सांख्यिकीचे त्यांचे १९५४ चे इंग्रजी पुस्तक देशभरातील कृषी विद्यार्थ्यांनी झिजवले आहे. त्यांतले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९११ मध्ये खटाव तालुक्यातील बुध या गावी जन्मले. विद्यार्थी हा संदर्भ एकमेकांच्या प्रबंधांतून उतरवून घेतात आणि पुस्तक उघडत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता प्रसामान्यता. अट अशी नाही की सगळी वजने एकत्र करून काढलेला आलेख घंटेसारखा दिसावा. पाच वेगळ्या जमिनी आणि चार वेगळी खते यांचे आकडे एका ढिगात टाकले, तर तो ढीग वेडावाकडाच दिसणार. अट आहे ती उर्वरित अंशांविषयी, म्हणजे शेताचा आणि खताचा वाटा वजा केल्यावर जे शिल्लक राहते त्याविषयी. शिवाय आपला प्रत्येक आकडा पंधरा झाडांची सरासरी आहे आणि सरासरी घेतल्याने शेपूट बरेच आखडते. वीस उर्वरित अंश काढा, ते अंदाजित मूल्यांसमोर आलेखावर टाका आणि डोळ्यांनी पाहा. उजवीकडे जाताना ठिपके पंख्यासारखे पसरत असतील, तर वजनांचे लॉग घेऊन पुन्हा करा. मला या पसरण्याची चिंता शेपटापेक्षा जास्त वाटते, कारण गटांची प्रचरणे असमान असली की एकच सामाईक एरर धरणे अडचणीचे होते. बार्टलेट यांची १९३७ ची चाचणी त्यासाठी पुष्कळ जण करतात, पण ती प्रसामान्यता बिघडली तरीही बोंब मारते. लेव्हीन यांची १९६० ची चाचणी त्या मानाने शांत स्वभावाची आहे.

क्रमांकांच्या चाचणीकडे जायचेच झाले, तर क्रुस्कल-वॉलिस आपल्या उपयोगाची नाही, कारण तिला शेते दिसत नाहीत. ती एकेरी अनोव्हाची बहीण आहे. आरबीडीसाठी फ्रीडमन यांची १९३७ ची चाचणी आहे, जी प्रत्येक शेताच्या आत क्रम लावते. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मिल्टन फ्रीडमन ते हेच. पण त्याची वेळ येईल असे मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आपण लिहिलेली नाही. कोणत्या पट्ट्यात कोणते खत, हे प्रत्येक शेतात कसे ठरवले?

हळद_सांगली

सर, आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. भाताच्या उदाहरणाने वीस आणि तीनशे यांतला फरक मला एका वाचनात समजला.

आपला प्रश्न मात्र वर्मी लागला. तीन शेतांत मी स्वतः उभी राहून चिठ्ठ्या टाकल्या होत्या. उरलेल्या दोन शेतांत शेणखताची ट्रॉली आत जाईना. ओल्या रानात चाके रुतत होती. त्यामुळे शेतकऱ्यांनी शेणखताचे दोन्ही पट्टे, म्हणजे दुसरा आणि चौथा प्रकार, रस्त्याकडेला घेतले. गांडूळखत पोत्यांत होते, ते डोक्यावरून आतल्या पट्ट्यात नेले. मी त्या दिवशी दुसऱ्या गावी होते. पाटाचे तोंड रस्त्याच्याच बाजूला आहे, त्यामुळे त्या पट्ट्यांना पाणी आधी मिळते. प्रबंधात मी पाचही शेतांसाठी ‘यादृच्छिक’ असे लिहिलेले आहे, आणि आता ते वाक्य मला खुपू लागले आहे.

उत्तर : कराड_शेतीशाळा

ताई, ट्रॉली रुतणे ही आपल्या भागातील प्रयोगांची नेहमीची कथा आहे. मी बरीच वर्षे शेतकऱ्यांच्या शेतावरील चाचण्या घेतो आणि आराखडा कागदावर एक, रानात दुसरा, असे घडलेले अनेकदा पाहिले आहे. लपवाल तर अडकाल. लिहाल तर परीक्षक बहुधा पुढचा प्रश्न विचारतील आणि त्याचे उत्तर आपल्याजवळ आहे.

त्या दोन शेतांत शेणखत आणि आधीचे पाणी एकाच पट्ट्यांत आले. वाढलेले वजन खताचे की पाण्याचे, हे तिथे कोणतीही चाचणी वेगळे करून देणार नाही, कारण माहितीच तेवढी नाही. म्हणून विश्लेषण दोनदा करा, एकदा पाचही शेतांवर आणि एकदा चिठ्ठ्या टाकलेल्या तीनच शेतांवर. तीन शेतांत एररच्या मात्रा दोन गुणिले तीन, म्हणजे फक्त ६ राहतील आणि सारणीतील मर्यादा ३.४९ वरून ४.७६ वर चढेल, त्यामुळे तिथे सार्थकता हुकली तरी दचकू नका. सरासरींचा क्रम आणि फरकांचा आकार दोन्हीकडे सारखा राहतो का, हे पाहा. पाच शेतांत शेणखत वर आणि तीन शेतांत ते गांडूळखताच्या बरोबरीला आले, तर पाण्यावर संशय धरावा लागेल.

एक्सेलविषयी एक सूचना, कारण इथे प्रत्येक तुकडीतील निम्मी मुले चुकतात. वीस सरासरी पाच ओळी आणि चार स्तंभांत लिहा आणि ‘टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ हा पर्याय निवडा. आपल्या चाचणीत पाच पुनरावृत्ती आहेत, तेव्हा ‘विथ रेप्लिकेशन’ घ्यावे असे वाटते, पण एक्सेलच्या भाषेत रेप्लिकेशन म्हणजे एका चौकटीत एकाहून अधिक आकडे. आपल्या एका चौकटीत एकच सरासरी आहे. सरासरी न घेता पंधरा-पंधरा झाडे भरून ‘विथ’ हा पर्याय निवडला, तर खतांसाठीचा एफ तो झाडांच्या एररने भागून देतो, म्हणजे सर वर जी चूक सांगत आहेत ती मागच्या दाराने परत येते.

जोड्यांच्या तुलनेबाबत माझे मत मिरजेच्या मित्रापेक्षा थोडे वेगळे आहे. कृषी प्रबंधांत सीडी, म्हणजे क्रांतिक फरक, देण्याचा रिवाज आहे आणि परीक्षक तो मागतातच. सरांच्या आकड्यांवर तो काढून पाहिला. एरर १.३३ आणि पुनरावृत्ती ४ घेतल्यावर फरकाची प्रमाणित चूक ०.८२ येते, ९ मात्रांसाठी टी २.२६, म्हणून सीडी १.८५. शेजारच्या दोन खतांत २ चा फरक आहे, म्हणजे चारही खते एकमेकांपासून सार्थकतेने वेगळी ठरतात. टुकी यांच्या पद्धतीने तीच मर्यादा सुमारे २.५५ होते आणि शेजारची खते एकमेकांपासून वेगळी ठरत नाहीत; २७ आणि ३१, २९ आणि ३३ आणि अर्थातच २७ आणि ३३ एवढेच वेगळे राहतात. सीडी ढिला, टुकी कडक. सीडी द्या, पण एफ सार्थक असेल तरच द्या, आणि शेतकऱ्याला खर्च करायला लावणारी शिफारस टुकीच्या कसोटीला उतरली नसेल, तर ती शिफारस म्हणून लिहू नका.

उत्तर : निवृत्त_सांख्यिकी_सातारा

कराडकरांच्या सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे. फक्त सीडी की टुकी या वादाच्या एक पायरी आधी थांबावे, असे सुचवतो. आपल्या चार खतांची यादी वाचली, तर तिच्यात सहा प्रश्न नाहीत, तीनच आहेत. सेंद्रिय खत जोडीला दिल्याने काही होते का, हा पहिला. त्यात पहिला प्रकार एका बाजूला आणि उरलेल्या तिघांची सरासरी दुसऱ्या बाजूला. गांडूळखत आणि शेणखत यांत फरक आहे का, हा दुसरा. त्यात तिसरा प्रकार विरुद्ध दुसऱ्या व चौथ्याची सरासरी. शेणखतावर जिवाणू खते घातल्याने आणखी काही मिळते का, हा तिसरा. त्यात दुसरा विरुद्ध चौथा.

खतांच्या मात्रा तीन आणि हे प्रश्नही तीन, आणि ते एकमेकांच्या वाट्याला हात लावत नाहीत. माझ्याच आकड्यांत पाहा. पहिल्या तुलनेची वर्गांची बेरीज ४८ येते, दुसरीची शून्य, तिसरीची ३२, आणि तिन्ही मिळून बरोबर ८०. प्रत्येकीला १.३३ ने भागून १ व ९ मात्रांच्या एफशी ताडता येते. ‘खतांमध्ये सार्थक फरक आहे’ असे मोघम लिहिण्यापेक्षा, सेंद्रिय जोडीचा फायदा आहे, गांडूळखत आणि शेणखत यांत फरक दिसत नाही आणि जिवाणू खतांनी भर पडते, असे लिहिता येते. तासगावच्या किंवा आष्ट्याच्या शेतकऱ्याला हेच हवे असते.

अट एवढीच की, हे तीन प्रश्न आकडे पाहण्याआधी ठरलेले असावेत. आपल्या आराखड्यात उद्दिष्टे म्हणून ते लिहिलेले असतील, तर तो कागद परिशिष्टात जोडा. आकडे पाहून सर्वांत मोठा फरक निवडायचा आणि मग तोच आपला प्रश्न होता असे म्हणायचे, हे चालणार नाही.

आणखी एक, कारण हळद म्हटले की ते येणारच. कंदकुजीची टक्केवारी घेतली असेल, तर तिला वजनांसारखे वागवू नये. शून्याच्या किंवा शंभराच्या जवळच्या टक्केवारीत प्रचरण आपोआप आकसते, आणि गटांची प्रचरणे समान असण्याची अट तिथेच मोडते. जुन्या कृषी प्रबंधांत त्यासाठी कोनीय रूपांतर करत. आता किती कंदांपैकी किती कुजले हे मोजून लॉजिस्टिक (होय-नाही प्रकारच्या मोजणीसाठीचे) प्रतिमान बसवणे अधिक सयुक्तिक मानले जाते.

उत्तर : मिरजेचा_गणिती

माझे क्रुस्कल-वॉलिसविषयीचे आणि ३०० निरीक्षणांविषयीचे म्हणणे मी मागे घेतो. मी गणिताच्या बाजूने आलो, रानाच्या बाजूने नाही, आणि प्रश्नातले ‘प्रत्येक शेतात चारही प्रकारांचा एकेक पट्टा’ हे वाक्य मी वाचून सोडून दिले होते. तिथेच उत्तर होते.

हळद_सांगली

सर्वांचे आभार. काल रात्री दोन्ही विश्लेषणे केली. वीस सरासरींवर पाच शेतांचा एफ ३.४९ च्या वर आहे. तीन शेतांचा एफ ४.७६ पर्यंत पोहोचत नाही, पण चारही खतांच्या सरासरींचा क्रम तोच आहे. उर्वरित अंशांचा आलेख काढला. पंखा दिसत नाही. तीन तुलनांपैकी सेंद्रिय जोडीची तुलना दोन्हीकडे ठळक आहे. शेणखत आणि गांडूळखत यांतला फरक मात्र पाच शेतांत शेणखताच्या बाजूने दिसतो आणि तीन शेतांत जवळजवळ नाहीसा होतो. कराडच्या सरांनी सांगितले होते तेच घडले.

आता शेवटची शंका. गोषवाऱ्यात कोणता निकाल द्यावा? आणि तीन शेतांबद्दल ‘फरक नाही’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : निवृत्त_सांख्यिकी_सातारा

‘फरक नाही’ असे लिहू नका. ६ मात्रांच्या चाचणीत फरक सिद्ध झाला नाही, याचा अर्थ तो नाही असा होत नाही. प्रत्येक तुलनेचा फरक आणि त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा फरक जिथे असण्याचा अंदाज आहे तो टप्पा) द्या, म्हणजे अंतराल किती रुंद आहे हे वाचणाऱ्याला स्वतःला दिसेल. गोषवाऱ्यात सेंद्रिय जोडीचा निकाल पाच शेतांवरून द्या, कारण तो दोन्हीकडे टिकला आहे. शेणखत आणि गांडूळखत यांची तुलना गोषवाऱ्यातून काढा आणि चर्चेच्या प्रकरणात न्या.

‘यादृच्छिक’ हे वाक्य आजच बदला. तक्त्याखाली पुढील टीप तशीच उतरवली तरी हरकत नाही : “तीन शेतांत पट्ट्यांना प्रकारांचे वाटप चिठ्ठ्या टाकून केले. दोन शेतांत शेणखताचे वाहन आत नेता न आल्याने दुसऱ्या व चौथ्या प्रकाराचे पट्टे रस्त्याकडेला, पाटाच्या तोंडाजवळ राहिले. विश्लेषणासाठी प्रत्येक पट्ट्यातील १५ झाडांची सरासरी हे एक निरीक्षण मानले असून शेते ब्लॉक म्हणून घेतली आहेत. एररची स्वातंत्र्यमात्रा १२.”